चालू काच-स्टुडिओत रेसिडेन्सी: फुंकता येत नसेल तर अर्ज करावा का? (बडोदा)

दांडियाबाजारवाली

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी इथल्याच फाइन आर्ट्समधून शिल्पकला करून बाहेर पडले आणि आता काचेतच काम करते. म्हणजे दोन प्रकारचं, एक तर मेणाचा नमुना करून त्यावर प्लास्टर-सिलिकाचा साचा आणि मग किल्नमध्ये (साचा ठेवून तापवायची बंद भट्टी) ओतीव काम, आणि दुसरं टॉर्चवर बोरोसिलिकेटच्या (प्रयोगशाळेतल्या भांड्यांची काच) कांड्या तापवून छोट्या छोट्या वस्तू. भट्टीतली काच नळीवर घेऊन फुंकणं मात्र नुसतं बघितलंय, केलेलं नाही, बडोद्यात करणार तरी कुठं.

आता युरोपातल्या एका स्टुडिओचा ओपन कॉल आलाय. शाळा वगैरे नाही, चालू स्टुडिओ आहे, त्यांचे स्वतःचे दिवे, फुलदाण्या, पेले बनतात आणि विकले जातात, आणि मधून मधून ते बाहेरच्या कलाकारांना दीड महिना बोलावतात. राहायला खोली देणार, किल्न आणि कोल्ड शॉप (थंड काच कापायची-घासायची जागा) केव्हाही वापरा म्हणतात, पण भट्टीबद्दल एकच ओळ आहे की प्रॉडक्शनच्या वेळापत्रकात जमेल तशी मिळेल. काचेचे आणि मदतनिसाचे पैसे वेगळे, विमानाचं तिकीट आपलं आपण.

तर मला विचारायचंय की फुंकता न येणाऱ्या माणसानं अशा ठिकाणी अर्ज करावा का, तिथं जाऊन शिकता येतं का, आणि ती "जमेल तशी" वाली ओळ म्हणजे नक्की काय समजायचं? बाबा म्हणतात एवढ्या पैशात फिरोजाबादला (उत्तर प्रदेशातलं काचेच्या बांगड्यांचं गाव) चार-सहा महिने राहून ये. आई म्हणते टेराकोटा काय वाईट होता.

गरम_नळी

बडोद्याचाच आहे, आता बाहेर असतो, अशा एका चालू स्टुडिओत रेसिडेन्सी केलेली आहे म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, शिकायला जात असशील तर रेसिडेन्सीला जाऊ नकोस, वर्कशॉपला जा. त्यासाठी वेगळ्या जागा आहेत. अमेरिकेत पिल्चक आहे, 1971 साली काचकलाकार डेल चिहुलीनं सुरू केलेली शाळा, सिएटलच्या उत्तरेला जंगलात, उन्हाळ्यात तिथं क्लास चालतात. कॉर्निंगच्या काच म्युझियमचा द स्टुडिओ आहे, 1996 पासूनचा, तिथं क्लासही होतात आणि रेसिडेन्सीही होते, पण दोन्हीचे अर्ज वेगळे आणि अपेक्षाही वेगळ्या. चालू स्टुडिओत तुला नळी कशी धरायची ते शिकवायला कुणाला वेळ नसतो, सकाळपासून ऑर्डरी चालू असतात.

पण फुंकता येत नाही म्हणून अर्ज करू नये असं अजिबात नाही. मोठी भट्टी म्हणजे टीमचं काम असतं. एक जण बेंचवर बसून आकार देतो त्याला गॅफर म्हणतात, दुसरा भट्टीतून काच गोळा करून आणतो, तिसरा दार उघडतो, फुंकतो, पंटी (वस्तू दुसऱ्या बाजूनं धरायची सळई) आणतो. कलाकार बऱ्याचदा बाजूला चित्र घेऊन उभा असतो. खुद्द चिहुलीचा 1976 मध्ये इंग्लंडात मोटार अपघात झाला, डावा डोळा गेला, पुढे 1979 मध्ये खांदा निखळला आणि तेव्हापासून बेंचवरची जागा त्यानं दुसऱ्यांना दिली, आणि त्याची सगळ्यात गाजलेली प्रचंड कामं त्यानंतरची आहेत. फ्रान्समध्ये मार्सेलला सिरवा म्हणून केंद्र आहे (1983 मध्ये एक्स-आं-प्रोव्हान्सला सुरू झालं, 1986 पासून मार्सेलमध्ये), ते तर काचेचा गंधही नसलेल्या चित्रकारांना, डिझायनरांना बोलावतात, हात तिथल्या तंत्रज्ञांचे असतात. चेक प्रजासत्ताकात नोवी बोर गावात 1982 पासून दर तीन वर्षांच्या आसपास सिम्पोझियम भरतं, त्यात जगभरचे कलाकार येतात आणि गावातल्या चालू कारखान्यांत तिथले कारागीर त्यांची कामं करून देतात. तेव्हा दुसऱ्याच्या हातानं काम करून घेणं यात कमीपणा काही नाही.

आता ती "जमेल तशी" वाली ओळ. हीच खरी मेख आहे. भट्टी चोवीस तास पेटलेली असते, विझवत नाहीत, कारण थंड करून परत तापवायचं म्हटलं तर दिवस जातात आणि आतलं मातीचं भांडं तडकायची भीती. म्हणजे गॅसचं बिल तू असलीस काय नसलीस काय चालूच आहे, त्यामुळे भट्टीचा तास त्यांच्यासाठी म्हणजे सरळ पैसा. युक्रेन युद्धानंतर 2022 मध्ये युरोपात गॅसचे भाव भडकले तेव्हा कितीतरी काचवाल्यांनी भट्ट्या बंद केल्या किंवा दिवस कमी केले, तेव्हापासून हा हिशोब आणखी कडक झालाय. मी गेलो तिथं मला वाटलं होतं रोज थोडा वेळ मिळेल, प्रत्यक्षात मिळाली ती त्यांचं प्रॉडक्शन संपल्यावरची संध्याकाळ, म्हणजे भांड्यात तळाला उरलेली काच, तीत बुडबुडे आणि रेषा, आणि दिवसभर बेंचवर राबून थकलेला गॅफर. कामं झाली, वाईट झाली असं नाही, पण स्वच्छ पारदर्शक जाड काच मनात धरून गेलो होतो ती तिथं शक्य नव्हती.

म्हणून अर्जाच्या आधी सरळ मेल टाक. आठवड्यातून किती तास भट्टी माझी, कुठल्या वारी, भरलेल्या भांड्यातून की उरलेल्या, गॅफर आणि किती मदतनीस, त्यांचा तासाचा दर काय, आणि मी असताना त्यांची नाताळची वगैरे मोठी ऑर्डर आहे का. यात लाजायचं काही नाही. उत्तर गोलमाल आलं तर समजून जा.

फुकट_सल्ला

पैसे देऊन जायचं त्याला रेसिडेन्सी म्हणत नाहीत, होमस्टे म्हणतात 😄

गरम_नळी

@फुकट_सल्ला अर्धं बरोबर. पण सगळ्यांना एका मापात घालू नकोस. न्यू जर्सीत मिलव्हिलला व्हीटनआर्ट्सची फेलोशिप 1983 पासून आहे, टॅकोमाच्या काच म्युझियममध्ये पाहुण्या कलाकाराला हॉट शॉपची (गरम काचेवर काम करायची जागा) अख्खी टीम मिळते आणि प्रेक्षक समोर बसून बघतात. अशा जागांच्या पाठीशी ट्रस्ट, म्युझियम असतं. साध्या चालू स्टुडिओच्या पाठीशी कोण असतं, त्यांचे पेलेच. ते काचेचे पैसे मागतात यात मला लबाडी दिसत नाही, लबाडी तेव्हा जेव्हा आकडा आधी सांगत नाहीत.

भट्टीकाका_गोरवा

दांडियाबाजारवाली, तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी आयुष्यभर काचेच्या कारखान्यात भट्टीवर होतो, इथंच. तुमच्या पिढीला माहीत नसेल, आपल्या घराघरात जे येराचे ग्लास होते ते बडोद्याचेच, अलेम्बिकचे. औषधाच्या कंपनीला बाटल्या लागतात, बाटल्यांना काच लागते, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. जपानमध्ये तोयामा म्हणून शहर आहे, तेही औषधवाल्यांचं गाव, तिथंही औषधाच्या बाटल्यांमुळे काचेचा धंदा वाढला, मग पुढे बाटल्या प्लास्टिकच्या झाल्या तरी गावानं काच सोडली नाही, 1991 मध्ये नगरपालिकेनं काचकलेची शाळा काढली, 2015 मध्ये काचेचं म्युझियम उभं केलं. आपल्याकडे जुन्या अलेम्बिकच्या आवारात आता कलाकारांचे स्टुडिओ आहेत, फार छान केलंय, पण पेटती भट्टी नाही याचं मला वाईट वाटतं. असो, म्हातारपणाची बडबड.

तुझ्या कामाबद्दल दोन गोष्टी सांगतो, कलाकार मंडळी हे विसरतात. तू टॉर्चवर बोरोसिलिकेट वापरतेस. ती तापल्यावर फार कमी पसरते, प्रसरणाचा आकडा 3.3 च्या आसपास. स्टुडिओच्या भट्टीतली काच सोडा-लाइमच्या जातीची, तिचा आकडा 9 च्या पुढे. म्हणजे जवळजवळ तिप्पट. तू इथून बोरोची पानं-फुलं करून नेशील आणि म्हणशील यांना गरम काचेवर चिकटवू, तर चिकटतील, सुंदर दिसतील आणि थंड होताना फटकन उडतील. त्यांच्या भट्टीत बोरो वितळवा म्हणशील तर तेही नाही, तिला 1600 अंशांच्या आसपास उष्णता लागते, स्टुडिओची भट्टी काम करताना 1100-1150 ला असते. तेव्हा प्रपोजलमध्ये दोन्ही एकत्र लिहू नकोस, वाचणारा पहिल्याच ओळीला ओळखेल की हिला भट्टी माहीत नाही. त्यांची काच कुठली, तिचा प्रसरणाचा आकडा काय, हे विचार आणि रंगाच्या कांड्या त्याच आकड्याच्या घे.

दुसरं अनीलिंग, म्हणजे आतला ताण जावा म्हणून काच सावकाश थंड करणं. तू ओतीव काम करतेस म्हणजे जाड काम. जाड काच 500 अंशांच्या जवळपास थांबवून मग अगदी सावकाश खाली आणावी लागते, जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट धरायचा. कॉर्निंगनं पॅलोमारच्या दुर्बिणीसाठी 200 इंचाचा आरसा ओतला, 1934 ची गोष्ट, तो थंड करायला दहा महिने लागले, आणि तो दुसरा होता बरं का, पहिला ओतताना बिघडला होता, तो अजून तिथल्या म्युझियममध्ये ठेवलाय. तुझं एवढं मोठं नसेल पण वीतभर जाडीचं काम म्हटलं तरी किल्न कितीतरी दिवस अडकणार, आणि दीड महिन्यात किल्न फक्त तुझी नाही. जाड काम करायचं असेल तर पहिल्या आठवड्यात ओत, शेवटच्या आठवड्यात ओतलेलं किल्नमध्येच सोडून विमान पकडावं लागेल.

तुझे बाबा म्हणतात ते मला पटतं. फिरोजाबादला जाऊन ये आधी. काच हातानं कशी वळते ते तिथं दिसेल. आणि जवळचं बघायचं तर खेडा जिल्ह्यात कपडवंज, आभल्याची काच तिथली, पातळ मोठा फुगा फुंकायचा, आतून चांदीसारखा मुलामा द्यायचा आणि मग फोडून तुकडे करायचे. आपल्या चणियाचोळीवर जे चमकतं ते मुळात फुग्याचं कवच असतं, म्हणून त्याला हलका बाक असतो. आता मशीनचे सपाट आरसे लावतात तो भाग वेगळा.

दांडियाबाजारवाली

काका!! तुमचा मेसेज मी दोनदा वाचला आणि प्रपोजल उघडून बोरोचा अख्खा परिच्छेद उडवला. खूप खूप आभार. आभल्याला बाक का असतो ते मला माहीतच नव्हतं, आजीच्या जुन्या तोरणावर हात फिरवून बघितला, खरंच आहे.

फिरोजाबादचं मात्र मला कळत नाही, एकटी मुलगी तिथं जाऊन भट्टीवर उभी राहू शकते का? कुणी गेलंय का?

कोल्डशॉप_मावशी

मी गेलेय. काकांचा मान राखून थोडं वेगळं सांगते.

फिरोजाबाद बघण्यासारखंच आहे, त्यात वाद नाही, पण "तिथं जाऊन शिकून ये" हे म्हणायला सोपं. भट्टीच्या शेडमध्ये सगळे पुरुष, उष्णता अशी की उभं राहवत नाही, आणि काम नगावर. बायका काम करतात, भरपूर करतात, पण घरी बसून, बांगडी सरळ करायची ती सधाई, तोंडं जोडायची ती जुडाई, दिव्याच्या ज्योतीवर तासन् तास मान खाली घालून. भट्टीजवळ बाई म्हटलं की सगळे थांबून बघतात. ओळखीचा ठेकेदार असेल तर आत जाता येतं, नसेल तर दारातून परत.

आणि पैशाचं म्हणाल तर तेच गणित तिथंही आहे. कारागिराला तू म्हणालीस जरा हे असं वाकवून बघा ना भैया, तो प्रेमानं करून देईल, पण त्या वेळात त्याचे पन्नास नग बुडाले. आपल्याकडचे कलाकार हे करतात, चहा पाजतात आणि गॅलरीत तो पीस लाखाला लावतात, मला हे भयंकर खटकतं. जायचं असेल तर पूर्ण पाळीची मजुरी सगळ्या टोळीची आधी ठरवून दे आणि मग काय ते प्रयोग कर. तसं केलंस तर तुझी तिथलीच रेसिडेन्सी होईल, आणि हिंदी तर येतंच आपल्याला.

शिवाय ते कारखाने आता गॅसवर आहेत, ताजमहालमुळे सुप्रीम कोर्टानं 1996 मध्ये त्या पट्ट्यात कोळसा बंद करायला लावला, त्यामुळे जुन्या फोटोत दिसतो तो काळा धूर नाही, पण आवाज आणि ताप आहेच. उन्हाळ्यात जाऊ नको, प्लीज.

सुरुवात हळूवार करायची असेल तर दिल्लीत ग्लाससूत्र आहे, रेश्मी डे यांचा हॉट ग्लास स्टुडिओ, तिथं नळी हातात घेऊन बघता येईल आणि कुणी टक लावून बघणार नाही. अहमदाबादला एनआयडीत सिरॅमिक आणि ग्लास डिझाइनचा कोर्सच आहे, तिथल्या कुणाशी बोल, दोन तासांवर तर आहे.

आणि एक, तू प्लास्टर-सिलिकाचे साचे फोडतेस ना, मास्क कुठला वापरतेस? कापडी रुमाल असेल तर आजच फेकून दे. ती धूळ फुफ्फुसात बसते. आपल्या शेजारी खंभातला अकीक दगड घासणाऱ्यांची सिलिकोसिसनं काय दशा झाली ते आख्ख्या गुजरातला माहीत आहे. साचा ओला करून फोड, झाडू मारू नको, पुसून घे. परदेशी स्टुडिओत पहिल्या दिवशी हेच बघतात, तू कोरडं घासायला लागलीस की तुला कोल्ड शॉपमधून बाहेर काढतील आणि बरोबरच करतील.

भट्टीकाका_गोरवा

मावशी म्हणतात ते मजुरीचं शंभर टक्के खरं. आमच्या वेळी सुद्धा मोठ्या साहेबांचे पाहुणे आले की एखादा हंस, एखादा घोडा करून दाखवा म्हणायचे आणि त्या दिवसाचा कोटा मात्र तोच राहायचा. मुलीनं एकटं जावं असं माझं म्हणणं नव्हतं, बाबांना घेऊन जा, त्यांचीच कल्पना आहे ना.

दांडियाबाजारवाली

😂😂 बाबांना वाचून दाखवलं, गप्प झालेत.

मावशी, एन 95 वापरते, पण झाडू मारते हे खरं, आजपासून बंद.

पैशाचं कुणी सांगाल का? खोली मिळाली तरी तिकीट, काच, गॅफर धरून आकडा माझ्या आवाक्याबाहेर जातोय.

अर्जांची_राणी

याच कामात माझी हयात गेली, विचार.

ब्रिटनमधली जागा असेल तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टकडे बघ, ते भारतीय कलाकारांना अशा छोट्या मुदतीच्या कामासाठी मदत करतात. इनलॅक्स फाउंडेशनही तरुण कलाकारांसाठी आहे, वयाची अट वाचून घे. अशा अर्जांना आमंत्रणाचं पत्र जोडलेलं बरं, नुसता ओपन कॉलचा स्क्रीनशॉट चालत नाही, त्यामुळे स्टुडिओकडून लेटरहेडवर आधी लिहून घे की राहणं आम्ही देतो, भट्टी इतके तास देतो. बघ, गरम_नळीनं जे विचारायला सांगितलं तेच कागदावर आलं की तुझ्या पैशाच्या अर्जालाही वजन येतं. बजेटमध्ये "काच व साहित्य" अशी एकच मोघम ओळ टाकू नकोस, गॅफरचे तास वेगळे, मदतनीस वेगळे, रंग वेगळे, पॅकिंग वेगळं.

व्हिसाचं म्हणजे शेंगेनमध्ये (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, दीड महिना आरामात बसतो, पण स्टुडिओ तुला मानधन देणार असेल तर तो पर्यटन राहत नाही, त्या देशाचा नियम वेगळा लागू शकतो, तेही त्यांनाच विचार. आणि तारीख मागून घेताना आपल्या बाजूचा विचार कर, मे महिन्यात व्हिसाच्या अपॉइंटमेंटा मिळत नाहीत, अख्खा गुजरात फिरायला निघालेला असतो.

प्रपोजल छोटं ठेव. माझ्या अनुभवात लोक तिथं लक्ष्मीविलास पॅलेसच्या बेल्जियमच्या रंगीत काचांपासून ते भारतीय संस्कृतीपर्यंत सगळं कोंबतात, निवडणारे कंटाळतात. तीन चित्रं, मापं, जाडी, कुठला भाग भट्टीवर आणि कुठला कोल्ड शॉपमध्ये, बस.

फुकट_सल्ला

मापं टाकच. आणि काका म्हणाले तसा पहिला आठवडा-शेवटचा आठवडा असा तक्ता टाक. (होमस्टे शब्द मागे घेतो, अर्धा.)

दांडियाबाजारवाली

अपडेट. मेल टाकला होता, दोन दिवसांत उत्तर आलं आणि उत्तर सरळ आहे, मला आवडलं. आठवड्यातली एक अख्खी सकाळ भट्टी माझी, भरलेल्या भांड्यातून, एक गॅफर आणि एक मदतनीस, बाकी दिवशी प्रॉडक्शननंतर उरलं तर. दरही दिलाय, महाग आहे पण लिहून दिलाय. आणि त्यांनी स्वतःहून विचारलं की तू ओतीव काम करतेस तर मोठी किल्न पहिल्या पंधरवड्यात तुझ्यासाठी ठेवू का. मी प्रपोजल बदललं, फुंकीव तीन नळकांडी फक्त, ती त्यांच्याकडून करून घेणार, आणि मग मी ती कोल्ड शॉपमध्ये कापून, घासून, माझ्या ओतीव तुकड्यांत बसवणार, सगळी एकाच काचेची. अर्ज शुक्रवारी जातोय. निवड झाली तर तिकडं जायच्या आधी थंडीत मावशींनी सांगितलेल्या दिल्लीच्या स्टुडिओत जाऊन नळी धरून बघणार, म्हणजे गॅफरला काय सांगते ते निदान मला कळेल.

आणखी एकच, काम झाल्यावर ते परत आणायचं कसं? मोठ्या कुरियरचे दर बघून डोळे पांढरे झाले.

गरम_नळी

मस्त. आठवड्याला एक भरलेली सकाळ म्हणजे चांगलंच आहे, मला तेवढीही नव्हती.

आणायचं म्हणशील तर सगळं आणू नकोस. निम्मं काम चाचणीचं असतं, त्याचे फोटो काढ आणि ते तिथंच त्यांच्या कलेटच्या (भंगार काचेच्या) पिंपात टाक, परत वितळतं. काही स्टुडिओ एखादा पीस स्वतःकडे ठेवायला मागतात, करारात बघ, कुठला तो तू निवडणार की ते. उरलेलं हातसामानात, कपड्यांत गुंडाळून, जाड तुकडे वेगळे आणि एकमेकांना टेकणार नाहीत असे. स्कॅनरवर जाड काच काळा ठोकळा दिसते, उघडायला लावतातच, तेव्हा टेप असा लाव की सोडता येईल. इनव्हॉइस आणि स्टुडिओचं पत्र वर ठेव, कस्टमवाल्यानं विचारलं तर माझंच काम आहे, विकायला नाही, हे कागदावर दाखव. मुंबईला उतरणार असशील तर बडोद्याला ट्रेननं ये, बसच्या डिकीत देऊ नको.

भट्टीकाका_गोरवा

आणि आल्यावर गोरव्याला ये, बघू दे मला काच कशी आलीय. पोलरायझरच्या दोन पट्ट्या आहेत माझ्याकडे अजून, मध्ये धरून आतला ताण दिसतो.

दांडियाबाजारवाली

काका, नक्की. सेव-उसळ माझ्याकडून.